अनोळखी रुग्णाचं प्लास्टर

सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारातलं ते काळं शिल्प एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता जेसीबीने मुळासकट उपटलं, ट्रॉलीत आडवं घातलं आणि नेलं.

असं काहीही घडलेलं नाही. सिव्हिलच्या दप्तरात ते आजही उभं आहे, आणि आमच्या जिल्ह्यात कागदाचं आणि डोळ्यांचं भांडण झालं, तर लोक चष्म्याचा नंबर बदलून घेतात. मीही घेतला. तेव्हा ते उभं आहे असं धरून पुढे जाऊ.

"वर. अजून वर," फिजिओच्या मुजावर मॅडम म्हणाल्या.

"हात वर जात नाही, मॅडम. मीच जातोय," आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले.

"टाचा खाली टेकवा, गुरुजी. कॉपी चालणार नाही."

आप्पांनी टाचा टेकवल्या. उजवा हात शिल्पाच्या दुसऱ्या वळणापर्यंत सरकला आणि तिथे थांबला, घाटात एस.टी. थांबते तसा, म्हणजे कुणाला काही न सांगता. आप्पांनी बोटांत कसाबसा धरलेला खडू पत्र्यावर टेकवून रेघ मारली. रेघ कसली, गोगलगाय गेल्यासारखा डाग. मग खडू डाव्या हातात घेऊन शेजारी तारीख लिहिली.

ही आमची फिजिओथेरपी. खरं तर ती आत, पंख्याखाली, खांदा फिरवायच्या चाकावर व्हायची. पण ते चाक दीड वर्षापासून एका नटासाठी थांबलं होतं. मॅडमनी नटासाठी सात पत्रं लिहिली, आठवं फाडून टाकलं आणि लकवा झालेले आपले अकरा पेशंट बाहेर आणून शिल्पासमोर उभे केले. शिल्प साडेनऊ फुटांचं, जाड काळ्या पत्र्याचं, खालून बुंध्यासारखं निघून वळणं घेत वर गेलेलं आणि मध्ये मध्ये आरपार भोकं. चार वर्षांपूर्वी बडोद्याहून कुणी शिल्पकार बाई आल्या होत्या. पंधरा दिवस वेल्डिंग केलं, खाली पितळी पाटी लावली आणि गेल्या. पाटीवर लिहिलं होतं, 'शीर्षक नाही'. त्यामुळे ज्याला जे दुखायचं, ते त्याला त्यात दिसायचं. हाडांच्या वॉर्डात त्याला मांडीचं हाड म्हणत, पोटाच्या वॉर्डात आतडं, आणि बाळंतिणींच्या सासवा 'ते वाकडं' म्हणत. सगळ्यांचंच बरोबर होतं.

मॅडमना त्यात खांद्याचं चाक दिसलं. आप्पांना फळा दिसला. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या माणसाला काळं काही दिसलं की खडू लागतोच.

आप्पांना घरी सोडायला डॉक्टरांची हरकत नव्हती. हरकत आप्पांची होती. डिस्चार्जच्या कागदावर पेशंटची सही लागते. डाव्या हाताने ती जमेना आणि उजव्यात पेन टिकेना. सिस्टर शाईची डबी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अंगठा चालतो, गुरुजी."

"कुणाला चालतो?" आप्पांनी विचारलं.

सिस्टरना माहीत नव्हतं, पण हा माणूस एके काळी गावात प्रौढांचा वर्ग घ्यायचा. सत्तर माणसांना सही शिकवली आणि मग सोसायटीच्या टेबलावरची शाईची डबी उचलून विहिरीत टाकली. पाणी आठवडाभर निळं होतं असं गावात सांगतात. आप्पा म्हणतात, तीनच दिवस.

तेव्हा त्यांनी खाटेवरून जाहीर केलं, "मी इथून जाईन तर सही करून. नाहीतर हीच खाट."

मॅडमनी त्यांच्याशी करार केला. "आधी खांदा, मग कोपर, मग बोटं. ते वरचं भोक दिसतंय? हात पुरेल असं शेवटचं. त्यात हात कोपरापर्यंत गेला, की त्या दिवशी पेन देते. त्याआधी मागायचं नाही."

अंगठ्याचं अजून एक प्रकरण होतं. त्यांना बेशुद्ध अवस्थेत आणलं होतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नाही, स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. तो निळा होता.

"हे कुणी केलं?"

"सिस्टरनं," मी म्हणालो.

त्या दिवसापासून त्या सिस्टरच्या हातची गोळी त्यांनी घेतली नाही. गोळी मी द्यायचो. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, नोकरी नव्हती, आणि माझं नाव संग्राम आहे. घरातला शेवटचा संग्राम मी दहावीत गणिताशी केला होता आणि त्यात गणित जिंकलं होतं.

एका गुरुवारी वनारसे साहेब शिल्पासमोर येऊन उभे राहिले. हे हॉस्पिटलचे प्रशासकीय अधिकारी, नवीनच बदलून आलेले. माणूस स्वभावाने वाईट नव्हता, नियमाने होता.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"शिल्प," मॅडम म्हणाल्या.

"ते दिसतंय. कशाचं?"

"पाटी आहे ना, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मागे काही लिहिलंय का तेही वाकून पाहिलं. "पुढच्या गुरुवारी मंत्री येतायत. ते विचारणार, हे काय आहे. मी काय सांगू? शीर्षक नाही? आवारात जे जे आहे त्याला नाव पाहिजे. सोमवारी जेसीबी येईल. इथे लाल हृदय बसवायचंय, फायबरचं. मध्ये उभं राहून फोटो काढता येतो."

"साहेब, माझे अकरा पेशंट यावर हात चढवतात," मॅडम म्हणाल्या.

"मग हृदयावर चढवा."

"हृदयाची उंची किती?"

"साडेपाच फूट."

"त्यावर खांदा बरा होत नाही, साहेब. त्यावर फक्त कोपर टेकता येतं."

वनारसे साहेबांनी घड्याळ पाहिलं. आप्पांनी त्या दिवशीची रेघ मारली. भोकापासून दीड वीत खाली. दीड वीत म्हणजे अजून दीड महिना, आणि जेसीबी चार दिवसांवर.

त्या दुपारी मी प्लास्टर रूममध्ये जाऊन बसलो, कारण तिथे गार असायचं. ढेकळे मामा तिथले प्लास्टरवाले. तीस वर्षांत अर्ध्या जिल्ह्याचे हातपाय त्यांनी पांढरे केले होते.

"मामा," मी म्हणालो, "त्याला प्लास्टर घाला. प्लास्टरातला पेशंट कुणी हलवत नाही."

मी हे हसण्यासाठी बोललो होतो. मामा हसले नाहीत. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"केसपेपर लागंल," ते म्हणाले. "बिगर केसपेपरचं प्लास्टर म्या आजवर मंत्र्याच्या मेव्हण्याला सुदिक घातलं न्हाई."

सोमवारी सकाळी आठ वाजता मी केसपेपरच्या रांगेत होतो. खिडकीतल्या क्लार्कची मान कायमची खाली असायची. त्याचा चेहरा पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

"नाव?"

"अनोळखी."

"पुरुष का स्त्री?"

"अजून ठरलेलं नाही."

त्याने 'पुरुष' लिहिलं. "वय?"

"चार वर्षं."

"लहान मुलांचं पलीकडच्या खिडकीत."

"दिसायला मोठा आहे हो."

"मग अंदाजे चाळीस टाकतो. कुठं सापडला?"

"इथंच आवारात. उभा होता."

"त्रास काय?"

"बसता येत नाही. सरळ होता येत नाही. बोलत नाही."

"कधीपासून?"

"आल्यापासून."

"हाडांचा विभाग, सात नंबर. पुढं कोण आहे?"

सात नंबरमध्ये एक निवासी डॉक्टर होती. ती छत्तीस तास झोपलेली नव्हती. त्या सकाळी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवरही सही केली असती. मामांनी गठ्ठ्यात आमचा कागद सरकवला. तिने तो वाचला, खिडकीतून बाहेर पाहिलं, पुन्हा वाचला. मग लिहिलं, 'प्लास्टर. सहा आठवडे अजिबात हलवू नये.' आणि 'अजिबात'खाली दोनदा रेघ ओढली. झोप न झालेल्या माणसालाही कधी कधी सगळं नीट दिसतं.

मामांनी खालपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं. गुडघा कुठे धरायचा यावर त्यांनी पाच मिनिटं विचार केला, मला वाटतं पूर्ण गांभीर्याने. आप्पा खुर्चीवर बसून सूचना देत होते. प्लास्टरखाली पहिल्या पंधरवड्याच्या रेघा गेल्या, तेव्हा म्हणाले, "जाऊ द्या. पहिलीचे निकाल कोण जपून ठेवतं?"

जेसीबी दहाला आला. मागोमाग वनारसे साहेब.

"हे काय आहे?" ते म्हणाले. त्यांचा प्रश्न कधी बदलायचा नाही.

"पेशंट हाय," मामा म्हणाले. "हात नका लावू, प्लास्टर ओलं हाय."

मी केसपेपर पुढे केला. साहेबांनी तो वाचला. शिक्का खरा, सही खरी, नंबर खरा. कागदात त्यांना खोट सापडेना, आणि कागदात खोट नसली की साहेबांच्या दृष्टीने जगात खोट नसायची.

"हा लोखंडाचा आहे," ते शेवटी पुटपुटले.

"तपासणीत तसं आढळलेलं नाही," मी म्हणालो. "आणि अनोळखी आहे, साहेब. अनोळखी रुग्णाला नातेवाईक सापडल्याशिवाय किंवा पोलिसांचं पत्र आल्याशिवाय हलवता येत नाही. कॅज्युअल्टीत फ्रेम लावली आहे. खाली तुमचीच सही आहे."

जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली.

साहेबांनी नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी एक हवालदार आला, शिल्पाभोवती एक फेरी मारली, वहीत लिहिलं, 'रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत नाही', आणि आप्पांची पंच म्हणून सही मागितली. आप्पा म्हणाले, "सहा आठवड्यांनी या."

गुरुवारी मंत्री आले. सिव्हिलमध्ये मोठा माणूस आला की फळं वाटतो. आजारी माणसाला केळं दिल्याचा फोटो निघाल्याशिवाय आमच्याकडे कुणाचीच तब्येत सुधारत नाही. वॉर्ड झाले, आणि परत जाताना ते शिल्पासमोर थांबले.

"हे काय?"

वनारसे साहेब घामाघूम झाले. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं आणि खरं कागदावर होतं. "पेशंट आहे, साहेब," ते म्हणाले.

"काय झालंय?"

"हाडाचं आहे."

मंत्र्यांनी मान डोलवली, प्लास्टरवर हात ठेवून "काळजी घ्या" म्हणाले आणि सफरचंदाची पिशवी एका भोकाला अडकवली. फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. त्या दिवसापासून सकाळच्या गाडीतून आमच्या पेशंटला दूध, दोन ब्रेडचे तुकडे आणि उकडलेलं अंडं सुरू झालं. दाखल माणसाला उपाशी ठेवता येत नाही.

ते सहा आठवडे मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात शिस्तीची शाळा. रोज सकाळी अकरा पेशंट रांगेत, प्रत्येकाचा हात वर, प्रत्येकाची रेघ. आप्पांची रेघ आधी डाग होती, मग रेघ झाली, मग तिला काना फुटला. अकरांतल्या दोघांना सही येत नव्हती. त्यांतल्या एक आनंदीबाई, पंचावन्नच्या. आप्पांनी त्यांना पत्र्यावर 'आ' गिरवायला लावला.

"आता काय करायची सई, गुरुजी? निम्मं अंग गेलं माझं."

"निम्मं राहिलंय ना? मग निम्मी सही करा. आनंदी राहू द्या, बाई मागाहून लिहा."

सहा आठवडे संपले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, पोलिसांचं पत्र आलं. नातेवाईक मिळून आले नाहीत, पुढील कार्यवाही आपल्या स्तरावर करावी. पावणेदहाला जेसीबी फाटकातून आत शिरला.

आप्पा खुर्चीवरून उठले. कुणी वर म्हणालं नाही, अजून वर म्हणालं नाही. टाचा जमिनीवर होत्या, मी पाहिल्या. उजवा हात तिसऱ्या वळणावरून सरकला, भोकाच्या कडेशी थरथरला आणि आत गेला. कोपरापर्यंत.

"गुरुजी!" मुजावर मॅडम ओरडल्या.

"आजोबा, हात काढा," जेसीबीवाला म्हणाला.

"निघत नाही," आप्पा म्हणाले. "अडकला."

हे धडधडीत खोटं होतं. त्या भोकातून कलिंगड गेलं असतं. पण आनंदीबाई उठल्या आणि त्यांनी खालच्या भोकात हात घातला. "माझाबी आडकला," त्या म्हणाल्या. मग बाकीचे नऊ. भोकं संपली तेव्हा उरलेल्यांनी वळणांना मिठ्या मारल्या. लकवा झालेली अकरा माणसं जेसीबीच्या तोंडासमोर हात वर करून उभी होती, आणि मला सांगा, तीन महिन्यांपूर्वी यांतल्या एकालाही हात वर करता येत नव्हता.

वनारसे साहेब सावलीत जाऊन काहीतरी लिहायला बसले. मी आप्पांच्या पाठीला पाठ लावून उभा राहिलो, म्हणजे त्यांना टेकता येईल.

"संग्राम."

"हं."

"तो अंगठा तूच लावलास ना?"

मी जेसीबीच्या दातांकडे पाहिलं. सहा होते. पुन्हा मोजले.

"शाई नखात गेली होती," आप्पा म्हणाले. "सिस्टर इतकं घाण काम करत नाहीत."

"त्यांनी तुमच्या ऑपरेशनच्या कागदावर माझी सही मागितली होती," मी म्हणालो. "माझा हात थरथरत होता. पेन टेकवलं की रेघच निघेना. त्या म्हणाल्या, वेळ नाही, मग पेशंटचाच अंगठा लावा. तुमचा धरला आणि दाबला."

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. गुरुजींच्या मुलाला सही आली नाही, म्हणून गुरुजींचा अंगठा. तीन महिने मी इकडेतिकडे विनोद करत फिरत होतो तो ह्या एका गोष्टीच्या आजूबाजूने.

आप्पा म्हणाले, "त्या सिस्टरची माफी मागायला पाहिजे. बिचारीची गोळी घेतली नाही मी."

"आणि माझं काय?"

"तुझं काय? तू उद्यापासून शुद्धलेखनाचं एक पान."

वनारसे साहेब कागद घेऊन आले. "गुरुजी, मला वाद नको. मला फक्त कागद पूर्ण करायचाय. याचा वापर करणाऱ्यांची याला हलवायला हरकत नाही, एवढं लिहिलंय. तुम्ही ज्येष्ठ आहात, तुम्ही केलं की सगळे करतील." आणि त्यांनी खिशातून शाईची डबी काढून तिचं झाकण उघडलं. "सही नको. तुम्हाला त्रास होईल. अंगठा चालेल."

मी डोळे मिटले.

आप्पांनी भोकातून हात काढला. सावकाश, जराही न अडकता. डबीचं झाकण त्यांनी स्वतः बंद केलं. "मॅडम," ते म्हणाले, "करार आठवतो? पेन द्या."

मुजावर मॅडमनी पेन दिलं. आप्पांनी कागद शिल्पाच्या वळणावर ठेवला, डाव्या हाताने दाबून धरला आणि लिहायला लागले. अकरा माणसं बघायला पुढे सरकली. एकेकाचा हात खाली आला, मिठ्या सुटल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. जेसीबीवालाही उतरून बघायला आला. चार ओळी, सहा मिनिटं. साहेबांचा छापील मजकूर तसाच ठेवून त्याखाली लिहिलं होतं:

'माझी हरकत आहे. का, ते विचारल्यास तोंडी सांगेन. गणपत रामजी खराडे, निवृत्त प्राथमिक शिक्षक.'

आणि खाली सही. 'ग'चा काना किंचित वाकडा, बाकी पेन्शनच्या कागदावर असते तशी, शेवटी फटकाऱ्यासकट.

वनारसे साहेबांनी वाचलं. त्यांनी जेसीबीवाल्याकडे पाहून मान हलवली, कारण शिल्पाला आता कुणाचाच हात लागलेला नव्हता. सव्वाअकरा वाजले होते.

पुढचं घडलेलं नाही. नाही म्हणजे, कागदावर लेखी हरकत आहे, म्हणून हलवल्याची नोंद करता येईना. नोंद नाही, म्हणून हलवलेलं नाही. साहेबांनी तो कागद फाडला नाही, एवढं त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे. फाडणं त्यांच्या नियमात नव्हतं. आप्पा त्याच दुपारी डिस्चार्जच्या कागदावर सही करून, सिस्टरची माफी मागून, स्वतःच्या पायांनी घरी आले. वनारसे साहेब बदलून गेले. त्यांच्यानंतर तीन अधिकारी झाले आणि तिघांनीही चार्ज घेताना एक अनोळखी पुरुष, अंदाजे चाळीस, प्लास्टरसह, मोजून घेतला. दूध, दोन ब्रेडचे तुकडे आणि अंडं अजून येतं.

जागेवर आता लाल हृदय आहे. त्यावर अजून कुणाचा खांदा बरा झालेला नाही. आतल्या चाकाला नट आलेला नाही. मुजावर मॅडम पेशंटना भिंतीवर हात सरकवायला लावतात, आणि दर पावसाळ्यात भिंतीचा पोपडा त्यांच्या हातात येतो.

म्हणून दर वर्षी आम्ही अर्ज देतो. मजकूर आप्पांचा, अक्षर माझं. दर वर्षी त्याला आवक क्रमांक मिळतो आणि पुढे काही मिळत नाही. हा सातवा:

'प्रति, जिल्हा शल्यचिकित्सक. विषय: अनोळखी रुग्णाचा ताबा मिळणेबाबत. महोदय, आपल्याकडील हाडांच्या विभागात दाखल असलेल्या अनोळखी रुग्णाचे नातेवाईक मिळून आले असून, ते खाली सह्या करणारे आम्ही बारा जण आहोत. रुग्णाच्या प्लास्टरची मुदत संपून सात वर्षे झाली आहेत. तरी रुग्णास त्याच्या मूळ जागी आमच्या समक्ष उभे करावे, प्लास्टर काढावे, आणि रुग्णाने स्वतः सही केल्यावरच त्यास आमच्यासोबत चालत घरी सोडावे, ही विनंती.'